मिस्त्रीचा शून्य

माझा धाकटा भाऊ स्वतः कधी खोटं बोलला नाही, पण काट्यांना मात्र खोटं बोलायला लावायचा. गाड्यांची वायरिंग करायचा तो. रस्त्यालगत पत्र्याची शेड, तिच्यामागे एक खोली, त्या खोलीत तो आणि आई. लग्न केलं नाही. मी विषय काढला की म्हणायचा, "डोकं खायला तुम्ही दोघी आहात, तिसरी कशाला?"

आमच्या ह्यांची जुनी पिकअप त्याच्याच हातची. एकदा तिचा डिझेलचा काटा मेला. टाकी भरा नाहीतर उपाशी ठेवा, काटा आपला तळाला. हे म्हणाले, मीटर गेलं. भावानं त्यांना गप्प बसवलं, मला काट्यावर नजर ठेवायला सांगितलं आणि स्वतः गाडीखाली सरपटत गेला. टाकीवरची वायर उपटून त्यानं चासीला, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, टेकवली. काटा सरसर वर.

"चढला रे!" मी ओरडले.

"मग मीटर शाबूत, वायर शाबूत. दुखणं टाकीच्या पोटात आहे."

टाकीतला तरंगता डबा भोक पडून डिझेलनं भरला होता, म्हणून बुडाला होता. डबा बदलला. परत बसवण्याआधी मात्र त्यानं पक्कडीनं डब्याचा दांडा जरासा वाकवला.

"हे रे काय?"

"आता पाव टाकी उरली तरी काटा शून्यावर टेकेल. ड्रायव्हर लोक त्याशिवाय पंपाकडे वळत नाहीत, ताई. काट्यानं आधीच बोंब मारलेली बरी."

सगळ्यांच्याच गाड्यांना तो हे करायचा. आणि सगळ्यांना ते माहीत! काटा टेकला की ड्रायव्हर हसत म्हणायचे, "मिस्त्रीचा शून्य आहे, चल पुढं." मग उपयोग काय? मी त्याला म्हणायचे, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. तो नुसता हसायचा. कुणाची गाडी आडरानात बंद पडू नये एवढंच त्याच्या मनात असायचं, वेडा कुठला.

यंदा आमचा काटा पुन्हा नाचायला लागला. भावानं भंगारातल्या एका गाडीचा चांगला दांडा-डबा मिळवला. तो दांडा कडक होता, वाकवला असता तर मोडलाच असता. म्हणून त्यानं तो सरळच बसवला. म्हणजे आता शून्य म्हणजे शून्य. हे गाडी न्यायला गेले तेव्हा तो दुसऱ्या ट्रकखाली आडवा होता. तिथूनच ओरडला, "झालीय, घेऊन जा!" बाकीचं संध्याकाळी सांगू म्हणाला असेल मनात.

दुपारीच आईच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स दुसरीकडे गेलेली. भावाचा फोन आला तसे आम्ही दोघं पिकअप घेऊन धावलो. भावानं आईला उचलून आणलं, मी तिला केबिनमध्ये माझ्या अंगावर टेकवून घेतलं. तिसऱ्याला जागा कुठली? भाऊ मागं हौद्यात चढला.

शहराच्या रस्त्याला लागलो तेव्हा काटा खाली टेकलेला. मी म्हटलं, "अहो, डिझेल?"

"मिस्त्रीचा शून्य आहे. आरामात पोचू."

पेट्रोल पंप आला आणि मागं पडला. मागं बसलेल्याला काटा थोडाच दिसतो! पंपावर थांबलो नाही म्हणजे टाकीत भरपूर असणार, असं त्याला वाटलं.

पुढं माळावर गाडीनं आचके दिले आणि बंद पडली. भाऊ उडी मारून आला. "काय झालं?"

"डिझेल संपल्यासारखं वाटतंय. पण काटा तर आत्ताच टेकला."

"टेकला? आणि तुम्ही पंप सोडलात?" त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "भावोजी, मी तो खरा केलाय."

कुणी कुणाला बोलायचं? मागून आलेल्या ट्रकवाल्यानं कॅनभर डिझेल दिलं. पण डिझेलची गाडी एकदा कोरडी पडली की नळीत हवा शिरते, नुसतं ओतून भागत नाही. भाऊ बॉनेटखाली वाकून हवा काढायचा छोटा हातपंप दाबत राहिला. बुडबुडे येतच होते. "आई, झालंच हं," तो तिथूनच ओरडायचा. बोटं सोलली तरी थांबेना. आई एकदा "हो" म्हणाली. मग काहीच म्हणाली नाही. माझ्या हातातला तिचा हात सैल पडला, आणि मला कळलं. देवा, अगदी स्पष्ट कळलं.

इंजिन धडधडलं. भाऊ बॉनेट आपटून मागं चढला. ह्यांनी घाईनं गिअर टाकला.

"अहो," मी म्हटलं, "हळू चालवा आता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. पाय क्लचवर तसाच राहिला.

मागून भाऊ टपावर थापा मारत होता. "पळवा भावोजी! पळवा ना!"

खाली उतरून त्याला सांगायला आमच्यातलं कुणीच धजलं नाही. शेवटी ह्यांनी गाडी पळवली.