जर्नलमधलं बारा

नर्सनं आधी स्वतःची काळजी घ्यावी, या धड्याचा मला अजून संताप येतो. धडा खोटा नव्हता. वेळेवर जेवा, चाला, सात-आठ तास झोपा, पालेभाजी खा. पण हे शिकवणारं कॉलेज आम्हाला सकाळी साडेसातला वॉर्डात उभं करायचं आणि हॉस्टेलची मेस उघडायची आठला. परत येईपर्यंत तीन वाजायचे. तोवर पातेल्याच्या तळाशी वरणाचं पाणी उरलेलं असायचं. झोपेच्या तक्त्यात मात्र रोज आठ तास लिहायचे, कारण तक्ता मॅडम तपासायच्या.

एकदा हिमोग्लोबिनचं प्रॅक्टिकल होतं. एकमेकींच्या बोटाला सुई टोचायची, नळीतल्या रक्ताचा रंग शेजारच्या काचेशी जुळवायचा आणि आकडा वाचायचा. माझ्या जोडीला माझी रूममेटच होती. मी आर्णीची, ती उमरखेडकडची. पहिल्या बाकापासून आकडे येत गेले, आठ, साडेआठ, नऊ. मॅडम भडकल्या.

"साधा रंग जुळवता येत नाही तुम्हाला? नॉर्मल बारा असतं. पुन्हा करा!"

वर्गभर पोरींच्या अंगात रक्तच नसेल, हे त्या बाईंच्या डोक्यात आलं नाही. आणि मूर्खपणा असा, की आमच्याही आलं नाही. चुकलं ते आपलंच, असंच आम्ही धरून चाललो.

मी रूममेटची नळी उजेडात धरली. साडेसहा. पुन्हा केलं, तरी साडेसहाच.

"काय आलं वं?" तिनं विचारलं.

"काही नाही, माहाच हात चुकून राह्यला. बारा लिही."

तिनं प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये बारा लिहिलं. मॅडमनी लाल पेनानं खाली 'छान' लिहून सही ठोकली.

तीन आठवड्यांनी ती वॉर्डात एका म्हातारीचं बीपी घेता घेता कोसळली. पलंगाचं लोखंड कपाळाला लागून टाके पडले, वर रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. मॅडम बघायला आल्या आणि काय म्हणाव्यात?

"नर्सिंगची मुलगी ना तू? स्वतःच्या खाण्यापिण्याकडे लक्ष नको?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या गेल्यावर रूममेट हळूच म्हणाली, "पण मले तं बारा होतं ना वं? तूच तं पाह्यलं होतं."

दोन्ही वेळा साडेसहा आलं होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.