कुलपांचं गाऱ्हाणं

आमच्या शाळेतली ग्रंथालयाची खोली डिजिटल वर्गासाठी जाणार, हे मला कळलं ते सुताराकडून. दारात उभा राहून तो भिंत न्याहाळत होता. म्हणाला, "बाई, ह्या भिंतीर मोठो पडदो बसतलो मां?" माझं डोकंच सणकलं. मराठीचे तास सांभाळून ती खोली मी उभी केली होती, आणि मला विचारायची कुणाला गरजही वाटली नव्हती.

तशीच उठले नि शाळा समितीच्या अध्यक्षांच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात जाऊन उभी राहिले. ते आमच्या गावचे गावकर, म्हणजे मानकरी. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे. कुठलंही काम सुरू करताना नारळ हातात धरून देवाला मोठ्याने सांगणं करायचं, आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "बाई, पुस्तकां वाचता कोण? दिवाळीच्या सुट्टयेपर्यंत पोरां थंय बसलेली दिसली तर खोली तुमची. नायतर पडदो लागतलो."

मला राग आला तो ते खोटं बोलले म्हणून नव्हे, खरं बोलले म्हणून. वाचण्यासारखं जे काही होतं ते पोरांनी केव्हाच संपवलं होतं. उरली होती ती जाडजूड पुस्तकं कसरसुद्धा खात नव्हती. तिकडे देवबागच्या शाळेत पर्यटकांनी दिलेल्या गोष्टींच्या पुस्तकांनी कपाट भरलेलं, वालावलकडच्या शाळेत चोर-पोलिसांच्या कथांची रांग. पण सगळी कुलपात. पडताळणीला पुस्तक कमी भरलं तर ग्रंथपालाला जाब द्यावा लागतो, म्हणून आमची जमात पुस्तकं वाचायला देण्यापेक्षा राखण्यातच तरबेज झालेली. आमचा व्हॉट्सअॅप ग्रुपही होता, पण त्यात रोज सकाळी फुलं यायची, बाकी काही नाही.

अशात मालवणला आम्हा शिक्षक-ग्रंथपालांचं प्रशिक्षण लागलं. घरी सगळे मालवणी बोलणारे, पण माइक हातात आला की एकेकाची भाषा इस्त्री केल्यासारखी कडक होते. मीही तशीच उभी राहिले आणि म्हटलं, "प्रत्येक शाळेने एक पेटी भरावी, ती महिनाभराने पुढच्या शाळेला द्यावी, असा माझा प्रस्ताव आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. स्तुत्य उपक्रम आहे, विचार करू, बघूया. देवबागचे मिशीवाले सर आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ. त्यांनी तर "पुस्तक हरवल्यास जबाबदारी कोणाची?" एवढं विचारून विषय संपवला. जेवणात सुरमई उत्तम होती, पण मी बोटांवर दिवस मोजत होते. दिवाळी जवळ येत होती.

शेवटी आभार मानायचे होते. ज्यांनी मानायचे त्या बाई एसटी चुकेल म्हणून निघून गेल्या, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. स्वागताचा नारळ टेबलावर तसाच होता. तो मी उचलला कधी, माझं मलाच कळलं नाही. माझे वडीलही आमच्या माहेरच्या गावात गाऱ्हाणं घालायचे, त्यांचा आवाज पंचक्रोशीत ओळखीचा. ते शब्द मी लहानपणापासून बायांच्या घोळक्यात, मागे उभी राहून ऐकलेले. बाईने ते घालायचं नसतं. पण त्या दिवशी माझा संताप अनावर झाला होता, खरं सांगते.

"बा देवा म्हाराजा! आज हय गावोगावचे पुस्तकवाले मास्तर नि बाये जमले आसत रे म्हाराजा!"

मग मागच्या रांगेतून एक आवाज आला, "व्हय म्हाराजा."

"ह्येंच्या कपाटांची गंजलेली कुलपां सुटांदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता अर्धी सभा. सिंधुदुर्गातला माणूस गाऱ्हाण्याला व्हय म्हणायचा थांबूच शकत नाही. तोंड आपोआप उघडतं.

"एका शाळेचा पुस्तक दुसऱ्या शाळेत जाऊन, चार पोरांनी वाचून, सुखरूप घराक येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोण नुसता बघूया, बघूया म्हणात, त्येच्या कपाटाक वाळवी लागांदे रे म्हाराजा!"

इथे व्हय जरा उशिरा आलं, पण आलं. हसत-हसत आलं, मिशीवाल्या सरांचंही आलं. आता देवासमोर व्हय म्हटल्यावर मागे कोण फिरणार? मी नारळ फोडला आणि खाली बसले.

पहिली पेटी आली ती देवबागहून. सर स्वतः स्कूटरवर पुढ्यात ठेवून घेऊन आले. उतरता उतरता म्हणाले, "वाळवेक भियालंय." मागोमाग वालावलची आली, तारकर्लीची आली. ग्रुपवरची फुलं बंद पडली. आता सकाळी सकाळी विचारणा सुरू, अमुक पुस्तक खंय आसा, तमुक पोरांना आवडलं का.

दिवाळीआधी अध्यक्ष सुताराला घेऊन भिंत मोजायला आले, तर पाय ठेवायला जागा नाही. पोरं जमिनीवर, खिडकीत, दारातसुद्धा. त्यांनी एका मुलीला विचारलं, "काय वाचतंस गो?" तिने मान वर केली नाही. "थांबा हां आजोबा, आता चोर गावतलो." अध्यक्ष थांबले. चोर सापडेपर्यंत खरंच थांबले. मग सुताराला म्हणाले, "पडदो व्हरांड्यात लावया."

आम्हा शिक्षक-ग्रंथपालांची पुढची सभा त्याच खोलीत भरली. यजमान म्हणून नारळ अध्यक्षांच्या हातात होता, मी रीतीप्रमाणे मागे. मालवणातली माझी आगळीक त्यांच्या कानावर गेली असणार, हे मला ठाऊक होतं. त्यांनी वळून मला शोधलं. आजवर मला ते फक्त 'बाई' म्हणत.

"हय ये गो बाय," घरच्या लेकीला हाक मारावी तसं ते म्हणाले आणि नारळ माझ्या हातात दिला. "तुझ्या बापाशीचो आवाज माका ठावक आसा. घाल."

मी डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिलं 'व्हय म्हाराजा' त्यांचंच आलं.