उजवा हात मोकळा

त्या बाईंनी पहिल्याच सकाळी माझ्याशी घासाघीस सुरू केली. मी म्हटलं, वॉकर धरून खिडकीपर्यंत जाऊ. त्या म्हणाल्या, दारापर्यंत जाते आणि मग कॉफी हवी. मी वसईची, कोळणींशी भाव करत लहानाची मोठी झालेली. "खिडकीपर्यंत मॅडम, आणि कॉफी परत आल्यावर," मी म्हटलं. त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि निमूटपणे उठल्या.

दोह्यातल्या एका इस्पितळात मी फिजिओथेरपिस्ट आहे. बाई नॉर्वेच्या माजी मंत्री होत्या, सत्तरी ओलांडलेल्या, आणि आता भांडणाऱ्या देशांमध्ये समेट घडवायला जगभर फिरायच्या. वेस्ट बेमधल्या हॉटेलात न्हाणीघरात पाय घसरला आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. दीड महिन्यावर इथेच, दोह्यात, मोठी बोलणी होती. ज्या दोन बाजूंचं कशावरच एकमत नव्हतं, त्यांचं या बाईंवर मात्र होतं. पण त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहू शकल्या नाहीत, तर त्यांच्या जागी कुणी तरुण माणूस पाठवायचा असं त्यांच्या सरकारात घाटत होतं, आणि तो माणूस दोन्ही बाजूंना नको होता. थोडक्यात, बोलणी मोडणार होती.

व्यायाम करताना दुखणं जाणवू नये म्हणून मी पेशंटला बोलतं करते. या बाई तर बोलायलाच बसल्या होत्या. जन्म उत्तरेकडच्या एका बेटावर. तिथे हिवाळ्यात कॉड मासे लाकडी मांडवांवर वाळत घालतात आणि पोरं माशांच्या जिभा कापून विकतात. मंत्रीणबाईंची पहिली कमाई ही अशी! मी त्यांना आमच्याकडे बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांचे फोटो दाखवले. दुसऱ्या दिवशी सुक्या बोंबलांची चटणी नेली, तर नर्स नाक मुरडून पळाली आणि बाईंनी डबा चाटूनपुसून परत दिला.

पुढे त्या गावातच शिक्षिका झाल्या. सरकारने बेटावर ये-जा करणारी बोट बंद करायचं ठरवलं तेव्हा चिडून गावच्या कारभारात शिरल्या आणि बोट वाचवली. मग संसद, मग मंत्रिपद, मग निवडणुकीत सपशेल आपटी. "हरले तेव्हा खूप रडले," त्या म्हणाल्या. "पण हरलेल्या माणसाशी कसं बोलायचं, ते तेव्हाच कळलं." त्यांचं नाव घेऊन बोला असं त्यांनी मला परोपरीने सांगितलं. नॉर्वेत सगळे तसंच बोलतात म्हणे. पण आईच्या वयाच्या बाईला मी नावाने हाक मारणं शक्य नव्हतं. शेवटपर्यंत त्या मॅडमच राहिल्या.

वॉकर सुटून काठी आली आणि खरी पंचाईत झाली. डावा पाय मोडला की काठी उजव्या हातात धरायची असते, म्हणजे अधू बाजूचा भार हलका होतो. बाईंनी काठी बघितली आणि म्हणाल्या, "मग हात कसा मिळवू?"

मला वाटलं नखरे चाललेत. तसं नव्हतं. बोलणी सुरू होताना त्या दोन्ही रांगांमधल्या प्रत्येकाजवळ चालत जाऊन हात मिळवायच्या. "ती माणसं एकमेकांचा हात कधीच धरणार नाहीत," त्या म्हणाल्या. "माझा मात्र सगळे धरतात. ते माझ्या हातात तरी एकमेकांना भेटतात."

डावा हात पुढे करायची सोय नव्हती. इथे तो अपमान, आणि आमच्या वसईत तरी कोण डाव्या हाताने कुणाला काही देतं? "मग त्या दिवशी काठीच नको," बाई म्हणाल्या. "म्हातारी दिसले तर ऐकेल कोण?"

माझं डोकंच सटकलं. "तुम्ही म्हाताऱ्याच आहात मॅडम! काठीशिवाय गेलात तर मी डॉक्टरांना सांगेन की तुम्ही तयार नाही. आणि हॉलच्या मधोमध पडलात तर सगळं खलास." माझ्या शब्दावरच डॉक्टर त्यांना सोडणार होते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. बाईंनी काठी हातात घेऊन तोलून पाहिली. मग म्हणाल्या, "ठीक आहे. काठी घेते. उजवा हात कसा मोकळा करायचा ते तुम्ही शोधा."

मी शोधलं. चालायचं काठी उजवीकडे धरून. माणसासमोर थांबायचं, भार चांगल्या पायावर घ्यायचा, काठी डाव्या हातात द्यायची, हात मिळवायचा, काठी परत उजवीकडे, मग पुढचं पाऊल. सांगायला सोपं आहे. करताना बाई घामाघूम व्हायच्या. दुपारी जिम रिकामी झाली की मी नर्स, वॉर्डबॉय, मदतनीस, जो सापडेल त्याला रांगेत उभं करायची. रांगेच्या टोकाला मी, सगळ्यात खडूस पुढारी. मी त्यांचा हात धरून मुद्दाम जोरात ओढायची, कारण काही पुरुष तसेच हात मिळवतात. पहिल्यांदा त्या माझ्या अंगावरच कोसळल्या. सावरल्यावर मला म्हणाल्या, "तुमच्यासारखा दुष्ट माणूस दोन्ही बाजूंकडे नाही."

"यल्ला, चला मॅडम, पुन्हा," मी म्हटलं.

बोलण्यांच्या दिवशी आमच्या विभागात टीव्ही लावला होता. दार उघडलं आणि त्या आत आल्या, निळ्या कोटात, काठी उजवीकडे. पहिलाच पुढारी आडदांड. बाई थांबल्या, काठी डावीकडे घेतली, हात पुढे केला. त्याने असा काही हिसका दिला की माझा जीव टांगणीला लागला. बाई जागच्या हलल्या नाहीत. आमच्याकडे एकच गलका झाला. मग दुसरा माणूस, तिसरा, पूर्ण रांग, मग समोरची रांग. एकदा त्या काठी डावीकडेच ठेवून निघाल्या, तर मी टीव्हीवर ओरडले, "उजवीकडे!" बातम्यांत या सगळ्याला एक वाक्य मिळालं. मला त्या दिवशी इतका अभिमान वाटला की घरी जाताना वाटेत बोलायलाही कुणी नको होतं.

नंतर बोलणी कितीदा मोडली, कितीदा जुळली. दर वेळी बाई त्याच दारातून आत गेल्या. मग एका शुक्रवारी दुपारी दोह्याच्या अल नस्र भागातल्या आमच्या घरी जेवता जेवता बातमी लागली. करार झाला होता, दोन्हीकडचे कैदी सुटले होते आणि बसमधून उतरत होते. एक म्हातारी आपल्या मुलाचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपत होती, नाक, कान, कपाळ, तो खरा आहे ना हे बघावं तसा. माझा घास हातातच राहिला आणि डोळे वाहायला लागले.

नवरा हसला. मला चिडवल्याशिवाय त्याला जेवण पचत नाही. "तुला काय झालं रडायला? करार त्या बाईंनी केला. तुझा काय संबंध?"

"माझा संबंध?" मी म्हटलं. "त्या बाईंना उभं मी केलं."