साठाचे पंच्याऐंशी

हे मी आज सकाळपर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. तुम्हालाही सांगितलं नसतं — पण रविवार जवळ येतोय.

आधी माझी अक्कल किती, ते कळू द्या. आमची अश्विनी वेटलिफ्टिंगला जायला लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी मी रुबाबात पुढं झालो आणि बार एका हातानं उचलायला गेलो. रिकामा होता ना! रिकाम्या बारचंच वजन पंधरा किलो असतं, हे मला काय ठाऊक? मनगट मुरगळलं. तिचे शेख सर हसू दाबत म्हणाले, "साहेब, तुमी खुर्चीवर बसा की."

बसून राहिलो असतो तर बरं झालं असतं.

सरांची एक पद्धत होती. तीन आठवडे वजन चढवत न्यायचं, चौथ्या आठवड्यात खाली आणायचं — वजनही कमी, सेटही निम्मे. तेवढ्यात शरीर भरून येतं, म्हणायचे. अश्विनी बारावीला, तिच्याकडं फोन नव्हता. म्हणून सर दर शनिवारी माझ्या फोनवर बोलून पाठवायचे आणि मी ते कागदावर उतरवून तिला द्यायचो. नुसतं उतरवायचं. एवढंच काम.

मी टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. ऑर्डर तोंडावर असताना कुणी लूम बंद ठेवली, तर आरडाओरडा करणारा माणूस. आणि राज्य स्पर्धा पंधरा दिवसांवर आलेली असताना सरांचा निरोप आला — "या आठवड्यात सगळं साठ टक्क्यांवर. मी बार्शीला चाललोय, आल्यावर बघू." साठ? आदल्या आठवड्यात पोरीनं तिच्या कमाल वजनाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत उचललं होतं! मी घाबरलो. कशाला? ती हरेल म्हणून? की कारखान्यात आधीच मारून ठेवलेल्या फुशारक्या उघड्या पडतील म्हणून? — फुशारक्यांसाठीच असणार.

मी कागदावर पंच्याऐंशी लिहिलं. सेट पूर्ण ठेवले.

तिनं विचारलंसुद्धा. "पप्पा, हा आठवडा हलका असतो ना?"

"स्पर्धा जवळ आलीय, म्हणाले सर." तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं मी.

गुरुवारी सकाळी बार खांद्यावर घेऊन ती खाली बसली, आणि उठलीच नाही. कमरेचा मणका. डॉक्टरांनी वजन उचलणं कायमचं बंद केलं.

पण इथवर आलं ते निम्मंच. खरं पुढंच आहे. सरांचा फोन आला. "मी तर हलकं सांगितलं होतं वो, असं कसं झालं?"

मी म्हणालो, "पोरगी ऐकत नाही हो, सर."

ते एवढंच म्हणाले — "मला तर ती लई ऐकणारी वाटली होती."

आणि घरात अश्विनी उताणी पडून म्हणत होती, "सरांनी एवढं द्यायला नको होतं." मी तिच्या कमरेखाली उशी सरकवली.

सहा वर्षं झाली; दोघांची गाठ मी पडू दिली नाही. तिच्या लेखी सर बेपर्वा, त्यांच्या लेखी ती हट्टी. मधे मी — दोघांची ख्यालीखुशाली विचारणारा सज्जन! गाडीवर ती मागं असली की व्यायामशाळेचा रस्ता टाळून लांबून वळसा घेतो. पेट्रोल वाया जातं म्हणून वर तिच्यासमोर कुरकुरतोही. भरलेली बादली उचलायला ती आईला हाक मारते, तेव्हा पेपर तोंडापुढं धरतो.

रविवारी तिचा साखरपुडा. बायकोनं मला न विचारता सरांना आमंत्रण दिलं, आणि ते येतो म्हणाले. एका हॉलमध्ये दोघं. दोन वाक्यं पुरेत — "सर, त्या आठवड्यात एवढं का दिलंत?" — "मी दिलंच नव्हतं." हे मी दिवसातून कितीदा ऐकतो, विचारू नका.

आज सकाळी बायकोला सगळं सांगितलं. अगदी सगळं. ती आहेराच्या टॉवेल-टोप्या लावत होती. ऐकताना तिचा हात थांबला नाही. हातातली घडी पुरी केली, ढिगावर ठेवली, आणि आतल्या खोलीच्या दाराकडं बघितलं.

"मला कशाला सांगायलाव?" ती म्हणाली. "पाठ माझी न्हाय गेली. ती आत हाय की."