उसनी खुर्ची

सुलभाताईंची आणि माझी पहिली भेट फुलपाड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात झाली. गरिबी कमी करण्यासाठी आखलेल्या योजना खऱ्या गरजूंपर्यंत पोहोचतात का, हे घरोघरी जाऊन तपासण्याचं त्यांचं काम. मला त्यांनी आधी विचारलं, जेवून आलीस का. मग नोकरीच्या अर्जावरचं माझं कॉन्व्हेंटमधलं वळणदार अक्षर पाहून म्हणाल्या, "इतकं सुबक लिहितेस की चूकसुद्धा खरी वाटेल."

माझं पहिलंच सर्वेक्षण चांदीपजवळच्या एका वाडीत होतं. घरातल्या वस्तूंना गुण असत. गुण जास्त झाले तर ते घर मदतीच्या यादीबाहेर. प्रत्येक घरी मला खुर्चीवर बसवत. पाहुणचार नाकारू नये, ही सिस्टरांची शिकवण. मी बसायचे आणि इमानाने लिहायचे : खुर्ची, एक.

अहवाल पाठवायच्या आदल्या दिवशी ताईंनी माझे तक्ते पुढ्यात घेतले. अख्ख्या वाडीत घरटी एकच खुर्ची कशी, असं त्यांनी विचारलं. पहिल्या घरची कशी होती? हिरवी, एका हाताला सुतळी गुंडाळलेली, मी सांगितलं. आणि दुसऱ्या घरची? तीही हिरवी, सुतळीवाली, असं सांगता सांगता माझं माझ्याच लक्षात आलं.

आम्ही लगेच वाडीवर गेलो. पहिल्या घरच्या जानकीआजींनी काही लपवलं नाही.

"पाव्हन्याला भुईवर बसवायचं काय? दुकानवाल्याची खुर्ची हाय ती. बाय, तू निघालीस की मागल्या दारानं ती फुडच्या घरी जायची. तुज्याआदी सगळी घरं तिनंच पायली."

ताई खळखळून हसल्या. मला मात्र रडू आलं, कारण त्या एका खुर्चीपायी निम्मी वाडी यादीतून गळणार होती. ताईंनी अहवाल थांबवला, सरकारी खात्याची नाराजी ओढवून घेतली आणि पत्रात लिहिलं, "चूक माझ्या प्रशिक्षणातली आहे." माझं नाव कुठेच नव्हतं. सगळी घरं आम्ही पुन्हा केली, जमिनीवर बसून. त्या घरांना मदत मिळाली.

घरची माणसं बसतात तिथंच आपण बसायचं, हा ताईंचा नेम तेव्हापासूनचा. गुडघे दुखू लागले तरी त्यांनी तो मोडला नाही. उठताना कुणाचा तरी खांदा लागतो, बहुतेकदा माझा.

ताई, तुमच्या अमृतमहोत्सवासाठी मंचावर एक खुर्ची मांडली आहे. ती कुणाकडून आणली, हे तुम्ही विचारणारच. सभागृहाचीच आहे, मी खात्री करून घेतली आहे. निर्धास्त बसा. प्रकृती जपा, आणि अजून खूप वर्षं आमचे तक्ते असेच पुढ्यात घेत राहा. उठायला माझा खांदा आहेच.