भोंगा आणि कॉर्नेट
पितळेला चिंच लावली की जो आंबट, ओला वास सुटतो, त्यानं मला नायगावच्या आमच्या चाळीपुढचं मैदान आठवतं. मे महिना होता, गिरण्यांचा संप चालू होता आणि चाळीतला मुलांचा बँडचा वर्ग फीअभावी बंद पडायला आला होता. म्हणून आम्ही मुलांनीच मैदानात मदतीचा कार्यक्रम ठेवला. शेजारची काकू म्हणाली, "घरात चूल पेटत नाय आणि ह्यांना पिपाण्या सुचतायत!" आई माझं कॉर्नेट, बँडमधलं ते फुंकायचं पितळी वाद्य, चिंचेनं घासत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पोट रिकामं हाय म्हणून काय कान पण रिकामे ठेवायचे?" संध्याकाळी अख्खी चाळ सतरंज्यांवर येऊन बसली. गाणं रंगात आलं आणि रस्त्यापलीकडच्या गिरणीचा भोंगा वाजला. पाळीला कुणी जात नव्हतं, तरी मालक तो रोज वाजवायचा, आम्हाला खिजवायला. आमचे हात थांबले. पुढं बसलेल्या बापांच्या माना खाली गेल्या. आमचे बँडचे सर त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचे. ते ओरडले, "थांबलात कशाला? त्याचाच सूर धरा, आणि त्याच्याहून मोठ्यानं!" आम्ही धरला. गाल दुखले, माझा ओठ फुटला, पण आधी भोंगा दमला. आता गिरणी नाही, चाळीच्या जागी टॉवर आहे, आणि माझी नात त्याच कॉर्नेटवर सराव करते. काल सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन आला, फार आवाज होतो म्हणून. फोन ठेवला आणि नातीला म्हटलं, "खिडकी उघड गं."