कैचीवाले मामू आणि चौकातला स्तंभ

आमच्या लातूरच्या गल्लीतले शिंपी मामू सकाळी चहाच्या आधी कैची मागायचे. जड, काळ्या मुठीची. ती कमरेला खोचून ते चौकात यायचे आणि शांतिस्तंभावर रातोरात कुणी बांधलेल्या फ्लेक्सच्या दोऱ्या कापायचे.

भूकंपात हीच कैची घेऊन मामू ट्रकमधून किल्लारीकडं गेले होते. मेलेल्याचं नाव-गाव न विचारता कफनाचं कापड कापत राहिले. पुढं सगळ्या गल्ल्यांनी वर्गणी काढून हा स्तंभ उभारला, त्यावर संविधानाची उद्देशिका कोरली. मामूंना मराठी जेमतेम वाचता यायचं, पण ‘बंधुता’ या शब्दावर बोट ठेवून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “हे आमी तिथं बघून आलो.”

मग क्लासेस आले आणि डोक्याला ताप झाला. होणाऱ्या डॉक्टरांचे फोटो, त्याहून मोठे सरांचे फोटो! सगळं गाव मोकळं असताना या मेल्यांना हाच खांब सापडायचा. मामूंनी पालिकेच्या कचेरीत खेटे घातले, पण साहेब कायम जेवायला गेलेले. मी चिडून म्हणायचो, कशाला जीव आटवता? ते म्हणायचे, “कफन कापताना जात विचारली न्हाई म्या. मंग जित्यांसाठी लिहिलेलं कशाला झाकून राहिले हे?”

एकदा माझ्याच मुलीचा फोटो तिथं झळकला. मामूंनी पेढा घेतला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्यादेखत दोरी कापली. ती रुसली. फ्लेक्सची घडी तिच्या हातात देत ते म्हणाले, “बेटा, हे घरात लाव. तिथं लई शोभंल.”

मामू गेले. दफन करून परतलो, तर स्तंभावर केवढा तरी फ्लेक्स! मामूंचाच हसरा चेहरा, खाली श्रद्धांजली वाहणाऱ्या पुढाऱ्यांची रांग. उद्देशिकेचं एक अक्षर दिसेना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण हात उचलवेना. मेलेल्या माणसाचा फोटो कसा उतरवायचा?

मामूंच्या घरी जाऊन मामींना सांगितलं. त्यांनी डोळे पुसले, आत जाऊन कैची आणली. “उतारो,” एवढंच म्हणाल्या.

मी दोऱ्या कापल्या. लोक कुजबुजले, एकजण तर अंगावर आला. मी फ्लेक्सची घडी केली आणि मामींना नेऊन दिली.

चार दिवसांत नवा क्लास तिथं लटकला. कैची माझ्याकडेच आहे. कालच तिला धार लावून आणली.